एका पुस्तकाचे अर्धे शतक

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात कोंढा हे गाव आहे. शेजारच्या कोसऱ्याशी जोडून लोक त्याचा उल्लेख बहुधा कोंढा-कोसरा असाच करतात. वैनगंगेच्या खोऱ्यातला हा सारा मुलूख धानाचा. येथे बी एकदा पेरले म्हणजे काम संपले, असे होत नाही. आधी लहानशा वाफ्यात दाट पऱ्हे टाकायचे, काही आठवडे त्यांची निगा राखायची आणि मग पाऊस साधून, बांधीत चिखल करून रोवणी करायची. पऱ्हे टाकणारे हात निराळे, रोवणी करणारे हात निराळे, आणि कापणीच्या वेळी विळा धरणारे हात आणखी निराळे असू शकतात. ज्या तलावांच्या पाण्यावर हे धान पोसले जाते, त्यांपैकी कित्येक तलाव कोहळी समाजातल्या जाणत्या माणसांनी पिढ्यांपूर्वी बांधले. धीर म्हणजे काय, हे या मुलखातल्या माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

तरीही पुस्तकाचीच एक हकीकत आम्हांला या मुलखाच्या निमित्ताने सांगावयाची आहे. एका शिक्षकाने एका मुलाला एक पुस्तक दिले. त्या दानाचे फळ दिसायला जवळजवळ अर्धे शतक लागले. ज्याने दिले, तो ते फळ पाहण्यास उरला नव्हता. मात्र ते फळ आले, तेव्हा त्याने भंडारा, नागपूर आणि सगळ्या विदर्भाचे सामाजिक चित्र पालटून टाकले.

पुस्तक होते गौतम बुद्धाचे चरित्र. शिक्षक होते कृष्णराव अर्जुन केळुसकर. मुलाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर.

केळुसकरांपर्यंत पोहोचण्याआधी दुसऱ्या एका शिक्षकाला वंदन केले पाहिजे. भीमरावांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे स्वतः शिक्षक होते. लष्करी शाळेत त्यांनी वर्षानुवर्षे अध्यापन केले होते, आणि १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे भीमरावांचा जन्म झाला तो याच नोकरीच्या गावी. निवृत्तीनंतर बेताच्या पेन्शनीवर संसार चालवणाऱ्या या बापाने मुलाच्या वाचनाला मात्र कधी आखडता हात घेतला नाही. भीमराव नवे पुस्तक मागत. हातात पैसे नसत. मग रामजी लग्न झालेल्या मुलीकडे जात, तिचा एखादा दागिना मागून आणत, तो गहाण ठेवून पुस्तक विकत घेत आणि पेन्शन हाती आली की दागिना सोडवून परत देत. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सारे कुटुंब राही. त्या दाटीत मुलाला अभ्यासाला निवांतपणा मिळावा म्हणून रामजी त्याला लवकर निजवत आणि रात्री दोनच्या सुमारास उठवून दिव्यापुढे बसवत. मधल्या वेळात ते स्वतः जागे राहत. धीराचा पहिला धडा भीमरावांना मिळाला तो हा. तो शब्दांनी कुणी सांगितला नव्हता; रात्रीमागून रात्र जागणाऱ्या बापाच्या रूपाने तो समोर बसलेला होता.

शाळेतील शिक्षकांविषयी मात्र एकाच सुरात बोलता येत नाही. साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव दाखल झाले. (महाराष्ट्रात २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.) त्या शाळेत त्यांना घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर वेगळे बसावे लागे. तो तुकडा शाळेचा शिपाईही उचलत नसे. म्हणून संध्याकाळी तो घरी न्यावयाचा आणि सकाळी पुन्हा आणावयाचा. तहान लागली तर नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे, आणि शिपाई नसला तर तहानलेले राहावे लागे. बाबासाहेबांनी हे सारे पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे.

त्याच साताऱ्यात आंबेडकर आडनावाचे एक शिक्षक होते. मधल्या सुट्टीत या मुलाला जेवायला लांब घरी जावे लागू नये म्हणून ते आपल्या शिदोरीतील भाकरी-भाजी त्याला देत. मुलाचे गावावरून पडलेले आडनाव बदलून त्यांनी शाळेच्या दप्तरी आपलेच आडनाव लिहिले, असे चरित्रकार सांगतात. पेंडसे नावाच्या दुसऱ्या एका शिक्षकांनी, पावसात चिंब भिजून वर्गात आलेल्या भीमरावांना आपल्या घरी पाठवून ऊन पाण्याने आंघोळ करायला लावली, ही आठवणही चरित्रांत येते. १९३० साली बाबासाहेब गोलमेज परिषदेला निघाले, तेव्हा वृद्ध आंबेडकर गुरुजींनी त्यांना मायेचे पत्र पाठवले, आणि ते पत्र बाबासाहेबांनी जपून ठेवले होते. एकाच शाळेत एका बाजूला गोणपाट आणि दुसऱ्या बाजूला भाकरी! शाळेची रीत बदलण्याचे बळ त्या शिक्षकांकडे नसेल. पण आपल्या शिदोरीवर तर त्यांची सत्ता होती, आणि ती त्यांनी वापरली. शिक्षकाच्या प्रभावाचा विचार करताना आपण पुष्कळदा मोठ्या भाषणांचा विचार करतो. मुलाच्या मनात उरते ती भाकरी.

पुढे हे कुटुंब मुंबईस आले आणि भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकू लागले. शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसण्याची त्यांना सवय होती. त्याच बागेत विल्सन हायस्कूलमधील एक शिक्षक येत. हेच केळुसकर. १८६० साली जन्मलेले हे गृहस्थ मूळचे वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावचे. मराठीत चरित्रलेखक म्हणून त्यांचा लौकिक होता. तुकारामांचे चरित्र त्यांनी लिहिले होते आणि छत्रपती शिवाजी महाराजांचे विस्तृत चरित्रही लिहिले. मुले खेळत असताना एक मुलगा रोज वाचत बसलेला पाहून त्यांनी त्याची चौकशी केली. तो कोणत्या जातीचा हे कळल्यावर पुष्कळांनी जे केले असते ते त्यांनी केले नाही. ते त्याच्याशी बोलत राहिले आणि वाचायला पुस्तके देऊ लागले.

मग तो सत्काराचा प्रसंग आला. चरित्रकारांच्या मते हा सत्कार १९०७ सालच्या मॅट्रिक परीक्षेतील यशाबद्दल झाला. खुद्द बाबासाहेबांनी मात्र, ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या आणि पहिल्या आवृत्तीत छापल्या न गेलेल्या प्रस्तावनेत, तो इंग्रजी चौथी उत्तीर्ण झाल्यानंतरचा प्रसंग असल्याचे म्हटले आहे. वर्षाचा हा फरक बाजूस ठेवला तरी हकीकत एकच आहे. त्या काळी त्या समाजातील मुलाने एवढे शिकणे ही नवलाची गोष्ट होती. म्हणून वस्तीतील लोकांनी सभा भरवण्याचे ठरवले. रामजींना ते पसंत नव्हते. अशा कौतुकाने मुलाच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांना वाटले. अखेर मंडळी केळुसकरांकडे गेली. ते रामजींचे स्नेही होते. त्यांनी समजूत घातली आणि सभा झाली. समाजसुधारक सीताराम केशव बोले हेही त्या सभेस होते, असे चरित्रकार सांगतात. सभेच्या शेवटी केळुसकरांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हाती ठेवले. हे पुस्तक त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या ग्रंथमालेसाठी लिहिले होते.

मुलाने ते वाचले आणि त्याचे मन हलले. आपल्याला आजवर रामायण-महाभारत वाचायला लावले, मग हे का नाही वाचायला दिले, असे त्याने वडिलांना विचारले. रामजींनीही उत्तर दिले: तळातून वर चढलेल्या माणसांच्या कथा त्या ग्रंथांत आहेत, त्या वाचून तुझ्या मनातला न्यूनगंड जावा, असा माझा हेतू होता. उत्तर मुलाला पटले नाही. तरी प्रश्न विचारल्याबद्दल बापाने त्याला गप्प बसवले नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

येथे कथा संपती, तर ती बोधकथा झाली असती. इतिहास मात्र असा सरळ चालत नाही. पुस्तक वाचून त्या मुलाने लगेच काही केले नाही. कित्येक वर्षे ते पुस्तक जणू विस्मृतीत गेले. दाता मात्र थांबला नव्हता. इंटरनंतर पैशाअभावी शिक्षण थांबण्याची वेळ आली, तेव्हा केळुसकरांनी भीमरावांना सयाजीराव महाराजांसमोर उभे केले आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. पुढे परदेशातून शिकून आलेल्या आंबेडकरांना बडोद्यास नोकरी करताना राहायला जागा मिळेना, तेव्हा केळुसकरांनी तेथील एका ओळखीच्या प्राध्यापकांच्या घरी सोय करण्याचा प्रयत्न केला. प्राध्यापकांनी होकार कळवला. पण आंबेडकर बडोद्याच्या स्टेशनावर उतरले तेव्हा, घरच्यांची तयारी नाही, अशी चिठ्ठी त्यांच्या हाती पडली. ते पुढच्या गाडीने मुंबईस परतले. शिक्षकाच्या सद्भावनेलाही मर्यादा असते. तो शिष्यासाठी एक दार उघडतो आणि पुढचे दार बंद निघते. असे झाले तरी केळुसकरांनी पाठ फिरवली नाही.

दुसऱ्या मालिकेतले शिक्षक सातासमुद्रापलीकडचे. १९१३ साली आंबेडकर न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन आणि तत्त्वज्ञ जॉन ड्युई हे त्यांचे गुरू. ड्युई शिक्षणशास्त्राचे जगन्मान्य आचार्य होते; पण वर्गात ते थांबत थांबत, जणू मनाशी विचार करत बोलत. आंबेडकरांनी त्या थांबण्यातून काय उचलले, हे त्यांच्या उत्तरायुष्यात दिसते. वर्षे लोटल्यावरही ते ड्युईंच्या वर्गातील लकबींची हुबेहूब नक्कल करून दाखवत, अशी आठवण त्यांच्या पत्नीने सांगितली आहे. १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ या निबंधात त्यांनी ड्युईंचे ऋण उघडपणे नोंदवले. १९५२ च्या जूनमध्ये कोलंबियाची सन्माननीय पदवी घेण्यासाठी ते निघाले, तेव्हा गुरूंना भेटता येईल अशी आशा त्यांना होती. ते पोहोचण्याआधीच, १ जून रोजी ड्युई वारले होते.

लंडनमध्ये एडविन कॅनन हे त्यांचे मार्गदर्शक. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपून परतावे लागले, तेव्हा अभ्यास पुन्हा सुरू करण्यासाठी चार वर्षांची सवलत मिळाली, ती कॅनन यांच्या शिफारशीने. मुंबईत सिडनहॅम महाविद्यालयात शिकवून, पैसा गाठीस बांधून आंबेडकर १९२० साली परत लंडनला गेले. डी. एस्सी.चा प्रबंध सादर केला, तर परीक्षकांनी त्याची पुन्हा मांडणी करावयास सांगितले. त्यांनी ती केली आणि १९२३ साली पदवी मिळवली. तो प्रबंध रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ म्हणून प्रसिद्ध झाला, त्याला प्रस्तावना कॅनन यांची होती. आणि त्या प्रस्तावनेत, लेखकाच्या बऱ्याच मतांशी आपण सहमत नाही, असे कॅनन यांनी मोकळेपणाने लिहिले होते. शिष्याने आपल्याविरुद्ध मत मांडावे आणि गुरूने त्याच पुस्तकाला प्रस्तावना लिहावी! शिक्षकाच्या धीराची याहून चांगली कसोटी आम्हांला ठाऊक नाही.

आता वाचकांपैकी कुणी म्हणेल, धीर धीर म्हणता. पण ज्याला नळाचे पाणी नाकारले जाते, त्याला धीर धरायला सांगणे हा अन्याय नव्हे काय? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. आपल्या भाषेत सोसणे आणि धीर धरणे या दोन गोष्टी जवळजवळ ठेवल्या जातात. पण त्या एक नव्हेत. सोसणे हे नेहमी खालच्याकडून मागितले जाते आणि मागणारा बहुधा वरचा असतो. बाबासाहेबांनी तसले सोसणे कधी शिकवले नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा ठराव १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात मांडला गेला. तो मांडणारे बोले म्हणजे त्या जुन्या सत्काराच्या सभेतील बोलेच. ठराव कागदावर राहिला. तेव्हा २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. न्यायासाठी त्यांनी आणखी वाट पाहिली नाही.

वाट पाहिली ती सत्यासाठी. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत, आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. त्या दिवसापासून निरनिराळ्या धर्मांचे प्रतिनिधी त्यांच्या दाराशी येऊ लागले. लाखो माणसे त्यांच्या एका शब्दावर चालली असती, आणि तो शब्द उद्याच उच्चारा, अशी गळही पुष्कळ घालत होते. त्यांनी तो एकवीस वर्षे उच्चारला नाही. त्या काळात ते वाचत, तपासत, लिहीत राहिले. पाण्याचा हक्क आजचा, पण माणसांच्या पिढ्यानुपिढ्यांचा विश्वास ज्यावर उभा राहायचा, त्याचा निर्णय पुरा पारखल्याशिवाय घ्यावयाचा नाही, असा हा विवेक होता. कोठे थांबावयाचे आणि कोठे थांबावयाचे नाही, हे ज्याला कळते, त्यालाच धीर कळला.

या पारखण्याच्या काळात त्यांनी ख्रिस्ती समाजाकडेही बारकाईने पाहिले. जानेवारी १९३८ मध्ये सोलापुरात ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना, धर्मांच्या तौलनिक अभ्यासातून बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांनी आपले मन जिंकले, असे ते म्हणाले. त्याच भाषणात, दक्षिणेकडील चर्चमध्ये जातिभेद पाळला जातो, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. धर्मांतरितांच्या स्थितीवर त्यांनी लिहिलेले निबंध त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाहीत. महाराष्ट्र शासनाने १९८९ साली त्यांच्या लेखनसंग्रहाच्या पाचव्या खंडात ते छापले. मिशनऱ्यांनी शिक्षणात आणि आरोग्यसेवेत केलेल्या कार्याची दखल त्यांत आहे. आणि त्याचबरोबर, या शाळांचा मोठा लाभ वरच्या जातींच्या मुलांना होतो, दलितांतून ख्रिस्ती झालेल्यांच्या मुलांना तो पुरेसा होत नाही, असा सवालही आहे. ज्याला आपण गुरू मानत नाही, तोही कधी आपला शिक्षक ठरतो. भारतीय कॅथोलिक बिशप परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलितांच्या सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले आणि जातिभेद हे गंभीर सामाजिक पाप असल्याचे नमूद केले. सोलापूरच्या त्या भाषणाला तेव्हा ७८ वर्षे झाली होती. धडे शिकायला व्यक्तीप्रमाणे संस्थांनाही वेळ लागतो. पण धडा कोणी दिला होता, हे विसरू नये.

आता पुन्हा भंडाऱ्याकडे वळू. १९५४ साली भंडारा जिल्हा तेव्हाच्या मध्य प्रदेशात होता आणि आजचा गोंदिया जिल्हा त्याच्याच पोटात होता. लोकसभेच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब भंडाऱ्यातील राखीव जागेसाठी उभे राहिले. दोन वर्षांपूर्वी मुंबईत त्यांचा पराभव झाला होता. प्रकृती ढासळत चालली होती. येथेही काँग्रेसच्या बोरकरांनी त्यांचा सुमारे आठ हजार मतांनी पराभव केला. सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. देशाची राज्यघटना ज्याच्या देखरेखीखाली लिहिली गेली, त्या माणसाला या जिल्ह्याने लोकसभेत पाठवले नाही. त्या निकालावर नजर ठेवून कुणी हिशेब मांडला असता, तर त्याने हे पीक बुडाले असेच लिहिले असते.

पण त्याच वर्षी, १९५४ च्या ऑक्टोबरात, मुंबईत आपल्या सत्काराच्या सभेत बाबासाहेबांनी आपले तीन गुरू सांगितले: बुद्ध, कबीर आणि जोतीराव फुले. तिघांपैकी कुणालाही त्यांनी पाहिलेले नव्हते. तिघेही त्यांच्यापर्यंत आले ते दुसऱ्या माणसांच्या हातून. कबीर घरातल्या भजनांतून, रामजी कबीरपंथी असल्यामुळे, आणि बुद्ध केळुसकरांच्या पुस्तकातून. गुरूची भेट घडवणारा जो मधला माणूस असतो, त्यालाच आपण शाळेत शिक्षक म्हणतो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात, वयोवृद्ध भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि पाठोपाठ लाखो अनुयायांना स्वतः दीक्षा दिली. त्यांत भंडारा जिल्ह्यातील माणसे मोठ्या संख्येने होती. अवघ्या दोन वर्षांपूर्वी ज्या मुलखाने त्यांना मतपेटीत हरवले, त्याच मुलखातून माणसे नागपूरच्या त्या मैदानाकडे चालत आली. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महानिर्वाण झाले. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या मागे प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत, या वाटेची सुरुवात सांगताना, ६५ वर्षांच्या या विद्वानाला आठवण झाली ती एका जुन्या सभेची आणि हातावर ठेवलेल्या एका मराठी पुस्तकाची. केळुसकर १९३४ सालीच निवर्तले होते.

याला एक विलक्षण जोड मिळाली. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून पवनी येथे उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीच्या मातीखाली दोन हजार वर्षांपूर्वीचा भव्य बौद्ध स्तूप निघाला. दगडांवर ब्राह्मी लिपीत साध्या उपासकांनी दिलेल्या दानांचे लेख सापडले. धम्म नव्याने स्वीकारलेल्या कोंढ्याच्या परिसरातील माणसाला कळले की आपण परक्या ठिकाणी गेलो नाही, आपल्याच मातीत विसरलेले काही पुन्हा हाती आले आहे. केळुसकर पुस्तक लिहीत होते तेव्हा ती टेकडी ही केवळ झाडोऱ्याने झाकलेली टेकडी होती.

बाबासाहेब स्वतः शिक्षक होते, हेही विसरता कामा नये. सिडनहॅममध्ये ते प्राध्यापक होते, मुंबईच्या शासकीय विधि महाविद्यालयाचे प्राचार्य होते. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले आणि १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत दुसरे महाविद्यालय. या दुसऱ्या महाविद्यालयाला त्यांनी नाव दिले मिलिंद, आणि त्याच्या परिसराला नागसेनवन. नागसेन हा भिक्खू, उत्तरे देणारा. मिलिंद हा राजा, प्रश्नामागून प्रश्न विचारणारा. महाविद्यालयाला नाव शिष्याचे, आणि ते उभे ज्या भूमीवर तिला नाव गुरूचे! शिक्षणाविषयी त्यांना जे सांगावयाचे होते, ते या दोन नावांत सामावले आहे. प्रश्न विचारणाऱ्याचा मान दर्शनी असावा. उत्तर देणाऱ्याने त्याच्या पायाखालची जमीन व्हावे.

संत पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिताना लावणाऱ्याचा आणि पाणी घालणाऱ्याचा दाखला दिला आहे. वाढ देणारा दोघांहून निराळा असतो, हे त्याचे सांगणे आपल्या धर्मग्रामांत अनेकदा वाचले जाते. ते ऐकताना आपल्या डोळ्यांपुढे बहुधा धर्मगुरू आणि प्रेषित येतात. रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात दहा-बारा चुळबुळ्या मुलांपुढे उभी राहणारी शिक्षिका, जिल्हा परिषदेच्या शाळेत एकाच खोलीत दोन इयत्ता सांभाळणारे गुरुजी, मुलाच्या अभ्यासासाठी रात्री दिवा जागवणारे आईबाप, हेही त्याच ओळीत बसतात. यांपैकी कुणालाही आपल्या कामाचा निकाल मार्चच्या परीक्षेत पुरता कळत नाही. गुणपत्रिकेत आकडे असतात. कोणते पुस्तक, कोणता शब्द, कोणती भाकरी पुढे पन्नास वर्षांनी उगवणार आहे, हे तीत लिहिलेले नसते.

म्हणून आमचे मागणे लहान आहे. आपल्या धर्मग्रामात परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या मुलांचे सत्कार दरवर्षी होतात. शाल, नारळ, पाकीट, मग छायाचित्र. यंदा त्या पाकिटाबरोबर एक पुस्तक ठेवावे, देणाऱ्याने स्वतः वाचलेले. ते मुलाने उद्याच वाचावे असा आग्रह नको. वाचून त्याने आपल्यासारखाच विचार करावा, अशी अपेक्षाही नको. मुलाने मात्र ते देणाऱ्याचे नाव पहिल्या पानावर लिहून ठेवावे. कधीतरी ते नाव त्याला लागेल.